डोळ्यांवरचा नवा चष्मा

[खऱ्या जगावर संगणकाची चित्रे आणून ठेवणारा एक नवा चष्मा तयार झाला आहे. तो कसा काम करतो, त्याचा जन्म कसा झाला, लोकांना त्याचे इतके कौतुक का वाटते आणि त्याच्याविषयी शंका का घेतल्या जातात, याची माहिती या पाठात दिली आहे. नव्या वस्तूचे स्वागत करावे, पण तिची पारख करूनच ती जवळ करावी, हा विचार या पाठातून मांडला आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, चष्मा ही वस्तू तुम्हांला नवीन नाही. तुमच्या वर्गात कोणी ना कोणी चष्मा लावत असेल. घरी आजोबा किंवा दादी वर्तमानपत्र वाचताना चष्मा शोधत असतील. 'चष्मा' हा मराठी शब्द 'चश्म' म्हणजे डोळा या फारसी शब्दावरून आला आहे. तुम्ही उर्दूत त्यालाच 'ऐनक' म्हणता. चष्म्याचे काम साधे आहे. जे समोर आहे, पण अंधुक दिसते, ते तो स्पष्ट करून दाखवतो.

आता अशा चष्म्याची कल्पना करा, की जो समोर नसलेली वस्तूही दाखवतो. तुम्ही तो डोळ्यांवर चढवता. समोर तुमचे नेहमीचेच टेबल आहे, पण त्या टेबलावर माणसाचे हृदय धडधडताना दिसते. तुम्ही डावीकडे सरकता, तेव्हा हृदयाची डावी बाजू दिसते. तुम्ही वाकता, तेव्हा ते खालून दिसते. हात लावायला जाता, तर हाताला काहीच लागत नाही. टेबल खरे असते आणि हृदय संगणकाने काढलेले चित्र असते. खऱ्या जगात अशी भर घालण्याच्या या तंत्राला 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' म्हणतात. मराठीत त्याला 'संवर्धित वास्तव' असे नाव आहे. संवर्धित म्हणजे वाढवलेले.

याच्याशी मिळतेजुळते दुसरे एक तंत्र आहे. त्यात डोळे पूर्ण झाकले जातात आणि खरे जग दिसेनासे होते. माणूस सगळाच्या सगळा चित्रांच्या दुनियेत जातो. त्याला 'आभासी वास्तव' म्हणतात. दोन्हींतला फरक लक्षात ठेवा. आभासी वास्तव तुमची खोली दृष्टीआड करते. संवर्धित वास्तव तुमच्या खोलीत आणखी काहीतरी आणून ठेवते.

काच एकच, दृश्ये दोन

हे कसे घडते? त्याची चुणूक तुम्ही स्वतः पाहिली असेल. रात्री बसने प्रवास करताना खिडकीच्या बंद काचेकडे पाहा. काचेतून बाहेरचे दिवे दिसतात आणि त्याच काचेत तुमचा चेहराही दिसतो. जणू तुमचा चेहरा बाहेर, अंधारात तरंगत असतो. काच काही प्रकाश आरपार जाऊ देते आणि काही प्रकाश परत फिरवते. म्हणून दोन दृश्ये एकमेकांवर पडतात. नव्या चष्म्यांपैकी काहींचे मूळ तत्त्व हेच आहे. त्यांच्या काचेतून समोरचे जग दिसते आणि कडेला बसवलेल्या इवल्याशा पडद्यावरचे चित्र त्याच काचेवरून डोळ्यांत शिरते.

प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून आपल्याला दिसते, ही गोष्ट आज आपण सहज बोलून जातो. पण प्राचीन काळी अनेक विद्वानांना वाटे, की डोळ्यांतूनच किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने हे मत खोडून काढले. त्याचा जन्म बसरा येथे झाला आणि त्याने पुष्कळ काम कैरो येथे केले. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो, हे त्याने 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात मांडले. नजर कशी फसते, याचाही त्याने त्या ग्रंथात विचार केला. नवा चष्मा याच फसण्याचा उपयोग करून घेतो. प्रकाश पडद्याकडून आला की वस्तूकडून आला, हे डोळ्याला सांगता येत नाही.

छताला टांगलेला चष्मा

असा पहिला चष्मा १९६८ साली तयार झाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने तो बनवला. प्रत्येक डोळ्यासाठी काचेची एक छोटी चित्रनलिका होती. अर्धपारदर्शक आरशांमुळे खोलीही दिसे आणि चित्रही दिसे. डोके कोणत्या बाजूला वळले, हे यंत्राला कळावे म्हणून तो सांगाडा एका दांड्याने छताला जोडला होता. डोक्यावर टांगलेल्या तलवारीची एक जुनी ग्रीक गोष्ट आहे. त्या गोष्टीवरून या यंत्राला 'डॅमोक्लीसची तलवार' असे गमतीचे नाव पडले. एवढा खटाटोप करून काय दिसे? बारीक रेषांनी काढलेला एक ठोकळा! पण माणूस हलला, की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसे. नवल होते ते त्यातच.

पुढे १९९०च्या सुमारास बोइंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल हे दोघे एका अडचणीवर विचार करत होते. विमानात तारांच्या लांबच लांब जुड्या असतात. कामगार त्या मोठमोठ्या फळ्यांवर मांडून तयार करत. कोणती तार कोठून कोठे न्यायची, हे सतत नकाशात पाहावे लागे. कामगाराच्या नजरेसमोर, थेट फळीवरच तारेचा मार्ग दिसला तर? या विचारातून त्यांनी तशा चष्म्याची योजना मांडली. 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हे नावही त्यांच्याच कामातून रूढ झाले. म्हणजे हे नाव खेळण्याच्या दुकानातून आलेले नाही. ते कारागिराचे काम सोपे व्हावे या इच्छेतून आलेले आहे.

चष्म्याला काय काय करावे लागते?

रोनाल्ड अझुमा या संशोधकाने १९९७ साली या तंत्राच्या तीन खुणा सांगितल्या. पहिली खूण, खरे जग आणि चित्र एकत्र दिसले पाहिजे. दुसरी, आपण हललो की चित्राने त्याच क्षणी प्रतिसाद दिला पाहिजे. तिसरी, चित्र लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही दिशांनी आपल्या जागी घट्ट बसले पाहिजे.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. टेबलावर ठेवलेला खरा पेला तुम्ही मान वळवली म्हणून सरकत नाही. चित्रातला पेलाही सरकता कामा नये. त्यासाठी चष्म्यातील कॅमेरे खोलीच्या भिंती, जमीन आणि वस्तू सारख्या पाहत असतात. आपण कोठे आहोत, हे चष्मा क्षणाक्षणाला मोजतो आणि चित्र नव्याने काढतो. यात थोडा जरी उशीर झाला, तरी चित्र डळमळते. डोळे एक सांगतात आणि कानातील तोल सांभाळणारा भाग दुसरेच सांगतो. मग घाटातल्या गाडीत होते तशी मळमळ सुरू होते.

काही चष्म्यांची काच आरपार दिसणारी नसते. त्यांच्या बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात आणि आतल्या बाजूला पडदे असतात. कॅमेऱ्यांनी टिपलेले जग आत दाखवले जाते आणि त्यातच चित्र मिसळले जाते. ॲपल कंपनीचा 'व्हिजन प्रो' या जातीचा आहे. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत दृश्य पोचायला १२ मिलिसेकंद लागतात, असे कंपनी सांगते. १ सेकंदाचे १,००० भाग केले, तर त्यांतले १२ भाग! डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

कौतुक कशाचे?

या चष्म्याचे कौतुक उगीच होत नाही. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा 'होलोलेन्स' हा चष्मा वापरला गेला. विद्यार्थी वर्गात उभे राहून माणसाच्या शरीराभोवती फिरत. त्वचा, स्नायू, हाडे असा एकेक थर बाजूला करून आतले अवयव पाहत. पुस्तकातले चित्र सपाट असते. हृदयाच्या मागे काय आहे, हे त्यात दिसत नाही. येथे मात्र मागे जाऊन पाहता येते.

कारखान्यातही त्याचा फायदा आहे. यंत्राचा कोणता भाग आधी सोडवायचा, कोणता स्क्रू कोठे बसवायचा, याच्या खुणा त्या यंत्रावरच दिसतात. दोन्ही हात मोकळे राहतात. बधिर माणसासमोर बोलणाऱ्याचे शब्द लिहून येऊ शकतात. परक्या मुलखात गेलेल्या माणसाला पाटीवरचा मजकूर आपल्या भाषेत वाचता येऊ शकतो. विचार करा, अशा वस्तूचे कोणाला कौतुक वाटणार नाही?

गाजावाजा आणि हिशेब

पण कौतुकाच्या भरात मोठमोठी आश्वासने दिली जातात. ती तपासून पाहिली पाहिजेत.

२०१२ साली गुगल कंपनीने 'ग्लास' नावाचा चष्मा जगाला दाखवला. तो लावून काही जणांनी आकाशातून उड्या मारल्या आणि त्यांना दिसणारे दृश्य खाली सभागृहात त्याच वेळी दाखवले गेले. लोक थक्क झाले. २०१३ साली तो १,५०० डॉलरना निवडक लोकांच्या हाती पडला. नेमके बोलायचे तर त्याच्यात अझुमा यांची तिसरी खूण नव्हती. उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा पडदा तेवढा दिसे. पण त्याच्यात कॅमेरा होता आणि तोच अडचणीचा ठरला. हा माणूस माझ्याकडे नुसता पाहतो आहे, की माझे चित्र घेतो आहे, हे समोरच्याला कळेना. काही उपाहारगृहांनी तो लावून आत यायला मनाई केली. जानेवारी २०१५ मध्ये त्याची विक्री थांबली. नंतर तो कारखान्यांसाठी पुन्हा काढला गेला आणि मार्च २०२३ मध्ये तोही बंद झाला.

होलोलेन्सची कथा निराळी आहे. २०१६ साली तो ३,००० डॉलरना मिळू लागला. त्याच्यात चित्र जागेवर छान बसे, पण ते दिसे फार लहान चौकटीत. आपल्या दोन डोळ्यांना मिळून सुमारे २०० अंश रुंद जग दिसते. होलोलेन्सची चौकट सुमारे ३० अंशांचीच होती. म्हणजे मोठ्या अंगणाकडे छोट्या झरोक्यातून पाहण्यासारखे झाले. त्याची दुसरी आवृत्ती २०१९ साली निघाली. तिच्यावरून अमेरिकेच्या सैन्यासाठी खास चष्मा बनवला गेला. २०२२ सालच्या चाचणीत सैनिकांना डोकेदुखी, मळमळ आणि डोळ्यांवर ताण जाणवला, अशी नोंद तेथील संरक्षण खात्याच्या अहवालात झाली. २०२४ साली होलोलेन्सचे उत्पादन थांबले.

त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात व्हिजन प्रो अमेरिकेत विक्रीला आला. त्यातले चित्र फारच रेखीव होते. पण किंमत होती ३,४९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २ लाख ९० हजार रुपये. वजन ६०० ग्रॅमपेक्षा जास्त होते. एवढे ओझे नाकावर आणि कपाळावर किती वेळ वागवणार? वेगळी जोडलेली बॅटरी साधारण दोन तास टिके.

या गोष्टींवरून हे तंत्र फसवे आहे, असे मात्र समजू नका. छताला टांगलेल्या सांगाड्यापासून डोक्यावर बसणाऱ्या चष्म्यापर्यंत ते आले आहे. २०२५ साली तर काचेत छोटा पडदा असलेला, साध्या चष्म्यासारखा दिसणारा चष्माही मेटा कंपनीने ७९९ डॉलरना विकायला काढला. चाल मंद आहे, पण थांबलेली नाही. म्हणूनच शंका आत्ताच विचारायला हव्यात.

शंका कोणत्या?

पहिली शंका डोळ्यांची. एक छोटा प्रयोग करा. बोट नाकाजवळ आणा आणि त्याच्याकडे पाहा. दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळतात आणि त्याच वेळी डोळ्यांतील भिंग जवळचे पाहण्यासाठी आकार बदलते. ही दोन कामे नेहमी जोडीने होतात. नव्या चष्म्यात ही जोडी तुटते. होलोलेन्समध्ये चित्राचा प्रकाश सुमारे २ मीटर अंतरावरून आल्यासारखा असे. चित्र हाताच्या अंतरावर दाखवले, की डोळे जवळचे पाहायला वळत, पण भिंगाला मात्र २ मीटरवरचेच पाहावे लागे. यामुळे डोळे थकतात. लहान मुलांचे डोळे तर अजून वाढत असतात. व्हिजन प्रो १३ वर्षांखालील मुलांसाठी बनवलेला नाही, असे ॲपलनेच सांगितले आहे.

दुसरी शंका खाजगीपणाची. खोलीत चित्र बसवायचे, तर चष्म्याला खोली पाहावीच लागते. तुमचे घर, घरातली माणसे, टेबलावरचे कागद, हे सारे त्याच्या कॅमेऱ्यांपुढे येते. काही चष्मे तुमची नजर कोठे वळते, हेही मोजतात. मोबाइलवर आपण काय दाबतो ते यंत्राला कळते. या चष्म्याला आपण कशाकडे टक लावून पाहिले, हेही कळू शकते. ही माहिती कोणाकडे राहणार? तिचा उपयोग कोण करणार?

आणि चष्मा न लावणाऱ्या माणसाचे काय? २०२४ साली हार्वर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा चष्मा घेतला. त्याला त्यांनी चेहरे ओळखणाऱ्या संगणकीय सेवेची जोड दिली. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाचे नाव आणि पत्ता काही क्षणांत शोधता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. लोक सावध व्हावेत हाच त्यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी आपली कृती कोणाला दिली नाही. पण एकाने सावध करण्यासाठी जे केले, ते दुसरा छळण्यासाठी करू शकतो. बाजारातून घरी परतणाऱ्या मुलीला, किंवा रांगेत उभ्या असलेल्या माणसाला, कोणी आपले नाव-गाव वाचते आहे हे कळणारसुद्धा नाही. त्याने परवानगी कधी दिली?

आपल्या देशात खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तीच्या संगणकीय माहितीच्या रक्षणासाठी कायदाही केला. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी आईवडिलांची संमती घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. कायदा आपले रक्षण करतो. पण आपला हक्क कोणता, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच तो मागता येतो.

तिसरी शंका लक्षाची. रस्ता ओलांडताना डोळ्यांसमोर संदेश झळकला तर? मित्र बोलत असताना तुमची नजर काचेवरचा खेळ पाहत असली तर? समोरच्याला वाटेल, हा माझ्याकडे पाहतो आहे. पण तुम्ही तेथे नसालच.

शंका म्हणजे वैर नव्हे

इब्न अल-हैथमने आणखी एक ग्रंथ लिहिला होता. बतलमयूस, म्हणजे टॉलेमी, हा प्राचीन काळचा फार मोठा खगोलशास्त्रज्ञ. त्याच्या लिखाणातील चुका दाखवणाऱ्या या ग्रंथाचे नावच 'अल-शुकूक', म्हणजे 'शंका' असे होते. टॉलेमीचे ग्रंथ त्याने लक्षपूर्वक वाचले होते. म्हणूनच त्यांतील चुका त्याला दिसल्या. ज्याने वस्तू पाहिलीच नाही, त्याची शंका पोकळ असते. ज्याने शंका विचारलीच नाही, त्याचे कौतुकही पोकळ असते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कदाचित असा चष्मा आजच्या मोबाइलइतका साधा झालेला असेल. तुमच्यातले कोणी तो लावून शस्त्रक्रिया करतील. कोणी त्याची काच अधिक हलकी, अधिक स्वच्छ बनवतील. तो हातात घेताना तीन प्रश्न विचारायला विसरू नका. यामुळे माझे कोणते काम सोपे होते? माझी माहिती कोणाकडे जाते? आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची याला हरकत तर नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुम्ही दुकानदाराला विचारू शकाल. तिसऱ्याचे उत्तर मात्र त्या माणसालाच विचारावे लागेल, आणि तेही चष्मा काढून, त्याच्या नजरेला नजर देऊन.

शब्दार्थ

अंधुक – अस्पष्ट, धूसर
चुणूक – झलक, थोडासा नमुना
खोडून काढणे – चूक आहे असे सिद्ध करणे
अर्धपारदर्शक – ज्यातून काही प्रकाश आरपार जातो असा
खटाटोप – खूप धडपड
रूढ होणे – सर्वांच्या वापरात येणे
झरोका – भिंतीतील छोटी खिडकी
रेखीव – स्वच्छ आणि सुंदर
संमती – मान्यता, परवानगी
वैर – दुश्मनी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'चष्मा' हा शब्द कोणत्या शब्दावरून आला आहे?
(आ) आयव्हन सदरलँड यांच्या चष्म्यातून काय दिसत असे?
(इ) गुगल ग्लासची विक्री कधी थांबली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आभासी वास्तव आणि संवर्धित वास्तव यांत काय फरक आहे?
(आ) चित्र दाखवायला उशीर झाला, तर मळमळ का होते?
(इ) हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी काय दाखवून दिले?

३. 'शंका म्हणजे वैर नव्हे' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. या पाठात नजर, किंमत, फायदा, हरकत असे उर्दूतही वापरले जाणारे शब्द आले आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. उपक्रम : रात्री खोलीत दिवा लावून खिडकीच्या बंद काचेसमोर उभे राहा. काचेत काय दिसते आणि काचेतून काय दिसते, ते लिहा. मग दिवा मालवा. काय बदलले, ते वर्गात सांगा.